हंड्याचं पाणी

माझ्या घरातल्या समुद्राची चव माझी आई घ्यायची. रोज सकाळी, चहाच्या आधी. टाकीवरची काच सरकवायची, करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. मग तिथूनच सांगायची, "आज खारा चढलाय गो. दोन लोटे गोरा पानी टाक." गोरा म्हणजे गोडा, आमच्या गावच्या बोलीत गोड पाणी गोरंच असतं.

मी लगेच माझं यंत्र काढायचे. पाण्याचा खारेपणा मोजायचं ते एक छोटं दुर्बिणीसारखं यंत्र असतं. त्याच्या काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. पहिला महिनाभर मी आईला पकडायच्या इराद्यानेच ते डोळ्याला लावत होते. माझा स्वभावच तसा आहे, आणि पगारही त्याचाच मिळतो. एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी बंदरावरच्या मालाचे कागद तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. आईची चूक काही मला सापडली नाही. ती चढलाय म्हणाली की आकडा चढलेला असायचा.

ही टाकी मूळची शेजाऱ्यांची. जुईनगरच्या आमच्या मजल्यावर एक कुटुंब होतं, त्यांची बदली झाली तेव्हा ते तीन फुटांची काचेची टाकी, त्यातले दगड आणि दगडांवरची प्रवाळं माझ्या गळ्यात मारून गेले. 'आठ दिवस सांभाळा, गिऱ्हाईक बघतो' म्हणाले होते. गिऱ्हाईक आलं नाही आणि आठ दिवसांत मीच त्या टाकीची झाले. ही प्रवाळं मऊ जातीची. त्यांना हाडं नसतात, ती पाण्यात डुलतात. एक मोठं होतं, अळंबीसारखं, जाड देठ आणि वर पसरट टोपी. टोपीवर शेकडो बारीक बोटं बाहेर आलेली असायची. शोभेच्या माशांचा दुकानदार त्याला लेदर म्हणतो, आई फूल म्हणायची. दुसऱ्या एका दगडावर फिकट गुलाबी झुपके होते, ते सारखे मुठी उघडायचे आणि मिटायचे. सोबत दोन मासे, एक कोळंबी आणि काच चाटत फिरणाऱ्या सहा गोगलगाई. माझा नवरा त्या सगळ्याला 'तुझं तळं' म्हणतो. त्याला मासे फक्त ताटातले कळतात, आणि तसं तो चारचौघांत सांगतोही.

आई आमच्याकडे आली ती भावाचं गावचं घर पाडून नवं बांधायला काढलं म्हणून. द्रोणागिरीत आता जिथे कंटेनरच्या रांगा लागतात, त्याच पट्ट्यात कुठेतरी आमचं मिठागर होतं. आई लग्न होऊन तिथे आली आणि पंचवीस-एक वर्षं त्या चिखलात उभी राहिली. खाजणाचं, म्हणजे खाडीच्या भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, उन्हानं ते जड होत जायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. पाणी पुढे कधी सोडायचं हे आई ठरवायची, जिभेवर. वडील तिला विचारायचे. आसपासच्या आगरांतली माणसंही विचारायची. जमीन गेली, मिठागर गेलं, आणि या विद्येचं तिला कुठेच काही करता येईना. मग म्हातारपणी ती लेकीच्या घरी येते आणि तिथे हॉलमध्ये खारं पाणी भरून ठेवलेलं असतं.

मी टाकीसाठी मिठाची पिशवी विकत आणते हे पाहून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आमी दर्याचा मीट करायचो, तू मिटाचा दर्या करतंस," म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं बोट बुडवलं. लेकीच्या घरी राहायचं तिला जड जात होतं. जेवायला बसताना संकोचायची, पंखा लावू का म्हणून विचारायची. टाकीचं पाणी हातात आलं आणि तिचा तो संकोच गेला. महिन्याभरात ती माझ्या स्वयंपाकघरात माझ्यावर ओरडू लागली. डाळीत मीठ कमी म्हणून जावयाच्या देखत मला बोलली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. भावाचं घर झालं की तिनं परत जाऊ नये, इथंच राहावं, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं. मी तसं बोलून दाखवलं नाही. वाटलं, राहीलच.

मेमध्ये मला ऑफिसनं तीन दिवसांसाठी चेन्नईला ट्रेनिंगला पाठवलं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं. ते साधं नळाचं चालत नाही. मी दुकानातून खास गाळलेलं पाणी निळ्या कॅनमध्ये आणून ठेवते. तीन दिवसांना पुरून उरेल एवढं होतं. मी निश्चिंत गेले. ट्रेनिंग लांबलं आणि तीन दिवसांचे दहा झाले.

दहाव्या दिवशी सकाळी घरी पोचले. चपला काढायच्या आत आई म्हणाली, "पानी बरोबर ठेवलाय. बग लावून तुजा यंत्र." ती शाबासकीची वाट बघत होती. मी बॅग ठेवली आणि टाकीकडे पाहिलं. लेदरची टोपी आत वळून सुकलेल्या कैरीच्या फोडीसारखी झाली होती, एकही बोट बाहेर नव्हतं. गुलाबी झुपक्यांच्या जागी दगडावर बुळबुळीत डाग. कोळंबी उलटी पडलेली. गोगलगाई वाळूत तोंड वर करून. मासे तेवढे फिरत होते. आई मागून म्हणाली, "चार दिस झाले, फुला निजलीत. गरम होत असंल." मी यंत्र लावलं. आकडा अगदी जिथे हवा तिथे होता.

बाटलीत पाणी घेऊन मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदारानं त्यात औषधाचे थेंब टाकले, बाटली हलवली, उजेडात धरली आणि विचारलं, "मॅडम, टाकीत तांब्याचं काय पडलंय काय? नाणं, वायर, काय पन?" मी नाही म्हणाले. मग म्हणाला, "माशाला चालतं तांबं, पन ह्या बाकीच्या आयटमला थोडं पन चालत नाय. बघा घरी."

घरी बघायला लागलंच नाही. रस्त्यातच मला आईचा हंडा आठवला. लग्नातला तांब्याचा हंडा तिनं गावाहून बरोबर आणला होता. दर दोन दिवसांनी चिंच आणि मीठ लावून लख्ख घासायची, संध्याकाळी भरून ठेवायची, आणि सकाळी तेच पाणी आम्ही प्यायचं, पोटाला बरं म्हणून. तिच्या लेखी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ते. कॅन रिकामा झाल्यावर तिनं माझ्या समुद्राला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी पाजलं होतं, रोज दोन-तीन लोटे, सहा दिवस.

हे सगळं मला रस्त्यात कळलं होतं. तिनं काय केलं आणि का केलं, दोन्ही. तरी दार उघडून आत गेले आणि म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

आई सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मी बोलत राहिले. तांब्यानं काय होतं, किती वर्षांची ती प्रवाळं होती, मला विचारायचं तरी. ऑफिसात ज्युनिअर पोरांना जसं बोलते तसं. तिनं सोड्यांची ताटली बाजूला सरकवली, हात पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले. मला तेव्हा वाटलं, चूक कळली तिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात हंडा दिसला नाही. तिनं तो ओतून, पुसून, माळ्यावर पालथा घातला होता.

दुकानदारानं मला एक कोळशाची पुडी दिली होती, ती पाण्यात सोडली. थोडं थोडं पाणी बदललं. बाकी काय करू म्हणून मी त्याला दिवसाआड फोन करत होते. तो कंटाळून म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. आता काय पन करू नका. जेवढा हात लावाल तेवढं मरंल. मऊवालं चिवट असतं, आलं तर आपलं आपन येईल." मला काही न करणं येत नाही. मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायचे. लेदरवर मेणासारखा एक पापुद्रा चढला होता, त्यावर शेवाळ बसायला लागलं होतं. देठाच्या बुडाशी एक काळा डाग वाढत होता. खरवडावंसं वाटायचं. हात मागे घ्यायचे.

आई माझ्या पाठीमागून जायची यायची. टाकीकडे बघायची नाही. सकाळचं बोट बुडवणं बंद झालं होतं, ते मी धरून चालले होते. पण हळूहळू बाकीचंही बंद झालं. आधी ती न विचारता भाजी चिरायची, आता सुरी घेऊन उभी राहायची. "चिरू का?" कपडे वाळले असले तरी दोरीवरून काढायची नाही. "काडू का?" एकदा मी खाली बाजारात जाऊन आले तर घरभर करपल्याचा वास. मी गॅसवर दूध विसरून गेले होते, ते उतू जाऊन, आटून, करपून गेलं होतं. ती दाराशी उभी होती. "तू ठेवला होतास ना, म्हनून नाय हात लावला," म्हणाली. टोमणा असता तर मी भांडले असते. तो टोमणा नव्हता. तिनं मनापासून नियम पाळला होता.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याकडे तक्रार केली की ही अशी काय वागते, मी इतकं काही बोलले नव्हते. आई आत आडवी झाली होती. नवऱ्यानं भात कालवता कालवता शांतपणे सांगितलं, "तिनं तुला विचारलं होतं. कॅन संपला त्या दिवशी. माझ्यासमोर फोन लावला होता."

मला आठवलं. ट्रेनिंगच्या हॉलबाहेरचा पॅसेज, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन, एका हातात कॉफी, दुसऱ्यात फाइल. आई काहीतरी पाण्याचं बोलत होती. तिला फोनवर सगळं दोनदा सांगायची सवय आहे. मी म्हणाले होते, "हो हो, टाक टाक. ठेवते आता." हंडा हा शब्द माझ्या कानात शिरला होता की नाही, मला सांगता येत नाही. शिरला असणार. तिनं सांगितला असणार, तेही दोनदा.

मुक्काम लांबला तेव्हा कॅन भरून आणायचं काम मी नवऱ्याकडे दिलं होतं आणि तो विसरला होता, हेही त्यानं त्याच सुरात सांगितलं. मला त्याच्यावर चिडताही आलं नाही. मी त्याला काहीच बोलले नव्हते, आणि तिला सगळं बोलले होते. ती मात्र एकदाही म्हणाली नव्हती की तुला विचारूनच टाकलं. ते एक वाक्य तिच्याकडे होतं आणि तिनं ते वापरलं नाही.

सकाळी मी तिच्या पलंगाशी जाऊन बसले. म्हणाले, "आय, चूक माजी हाय. तू इचारला व्हतास." मी बोलीत बोलते तेव्हा ती नेहमी हसते, माझे उच्चार बिघडलेत म्हणून. तेव्हा हसली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जाव दे गो बाय. तुजा घर हाय. इचारलेला बरा."

मी रडले, माफी मागितली, पुन्हा मागितली. तिनं मलाच पाणी आणून दिलं. आणायच्या आधी विचारलं, "आनू का?"

पाचव्या की सहाव्या आठवड्यात लेदरवरचा पापुद्रा सुटायला लागला. एका कडेनं उचलला गेला, पंपाच्या झोतात दोन दिवस फडफडला आणि निघून गेला. खालची कातडी कोरी होती, फिकी, केशरट. मग टोपी सपाट झाली. मग एका सकाळी कडेला पाच-सहा बोटं बाहेर आलेली दिसली. बुडाशी काळा झालेला तुकडा आपोआप गळून दगडांच्या फटीत पडला होता. त्यातल्या जिवंत कडेनं फटीत मूळ धरलं आणि तिथून एक नखाएवढी टोपी वर आली. गुलाबी झुपक्यांचा तर मी नाद सोडला होता. दगडावर नुसता डाग राहिला होता. त्या डागातून तीन कोंब फुटले आणि फुटल्या फुटल्या मुठी उघडमीट करायला लागले. मी काही केलं नव्हतं. दुकानदार म्हणाला होता तसं, आपलं आपण आलं.

मी आईला हाक मारली. ती आली, पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळून उभी राहिली. "बग आय, फुलला." "हां, फुलला," म्हणाली. खरंच आनंद झाला होता तिला, डोळे भरले. मी वरची काच सरकवली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "चाखून सांग ना, खारा किती झालाय." ती एक पाऊल मागे गेली. "तुजा यंत्र हाय ना," म्हणाली.

मग मी खोटं बोलले. यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं आणि कपाटात कपड्यांखाली लपवलं. मला वाटलं, आता तिला बोट बुडवावंच लागेल. चार दिवस तिनं टाकीची काच सरकवली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "जावयाला सांग, दुरुस्त करून आनंल." डाळीत मी मुद्दाम मीठ घातलं नाही. ती अळणी डाळ मुकाट जेवली. ज्या दिवशी तिनं स्वतः डाळ केली त्या दिवशी चिमूट हातात धरून हॉलपर्यंत आली. "मीट घालू का गो?" मिठागरावर जिला माणसं विचारायला यायची ती बाई डाळीत मीठ घालू का म्हणून माझ्यासमोर उभी होती, आणि मी "घाल की आय, विचारतेस काय" यापलीकडे काही करू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. आजही विचारते.

भावाचं घर बांधून झालं. तो फोन करून विचारतो, कधी येतेस. मी तिला सांगितलं की तू इथंच राहा, मला हवी आहेस. तेव्हा ती म्हणाली, "तू सांगशील तसा." मला तिच्या तोंडून दोनपैकी काहीही चाललं असतं, राहते किंवा जाते. हे एवढंच ऐकायची मला भीती होती.

गेल्या महिन्यात ऑफिसची वीज गेली म्हणून दुपारीच सुट्टी मिळाली. माझ्याजवळ किल्ली होती, दार उघडून मी आत आले. आई टाकीपाशी उभी होती. काच सरकवलेली होती, एक हात काठावर आणि दुसऱ्याची करंगळी पाण्याच्या अगदी वर. बुडवून काढली होती की बुडवायची होती, कळलं नाही. दाराचा आवाज झाला आणि तिनं हात झटकन मागे घेतला, पदराआड. माझ्याकडे पाहिलं ते पोटच्या लेकीकडे पाहतात तसं नाही. लहानपणी मी साखरेच्या डब्याशी सापडायचे तेव्हा मी तिच्याकडे असंच पाहायचे. "काच पुसत होतो," म्हणाली.

मी म्हणाले, "बरं." वाकून चपला काढत बसले. एक बंद सोडायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतला. डोकं वर केलं तोवर काच जागेवर होती आणि ती आत गेली होती.

यंत्र मी पुन्हा बाहेर काढलेलं नाही. आता संध्याकाळी घरी आले की किल्ली पर्समध्येच ठेवते, बेल वाजवते आणि दाराबाहेर थांबते. दार लवकर उघडलं नाही तरी पुन्हा वाजवत नाही.